न धुतलेल्या अकरा जर्सी

दार्दो माचिन रोज सकाळी बगलेत थर्मास आणि हातात यर्बाच्या पानांच्या काढ्याची तुंबडी घेऊन दारात उभा राहायचा, तो काही ऊन खायला नव्हे. समोरच्या मांसाच्या दुकानाचं शटर वर जायची तो वाट बघायचा. शटर वर गेलं आणि ओलेगारियोचं टक्कल बाहेर आलं, की दार्दो नळीतून कडू यर्बाचा घोट ओढायचा, तो सावकाश गिळायचा आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "एकाने पुढे."

एवढंच. पुढे अक्षर नाही. मग घरात जाऊन तो ब्रेड खायचा, आणि तो ब्रेड त्याला गोड लागायचा.

 ओलेगारियो यावर बोलणार काय, कपाळ? खरंच होतं ते. शिवाय तो दार्दोच्या बायकोचा, निल्दाचा, सख्खा भाऊ, म्हणजे दार्दोचा मेव्हणा. बहिणीच्या नवऱ्यावर सुरा उगारता येत नाही, म्हणून तो सुरा गाईच्या बरगड्यांवर चालवायचा. त्या वेळेला त्याच्याकडून मांस घेऊ नये, तुकडे वेडेवाकडे पडतात, हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आता हे "एकाने पुढे" म्हणजे काय, ते सांगायला हवं. मॉन्टेविडिओच्या पश्चिमेला पांतानोसो ओढा आहे. ओढ्याच्या या काठाला कातडी कमावणारी टॅनरी होती आणि त्या काठाला साबणाचा कारखाना. कत्तलखान्यातून कातडं इकडे यायचं, चरबी तिकडे जायची. गाय एकच, पण भांडण दोघांचं. दोन्हीकडच्या कामगारांनी आपापला फुटबॉल क्लब काढला. टॅनरीवाल्यांची जर्सी तपकिरी, साबणवाल्यांची पांढरीशुभ्र. दोन्ही क्लब रीतसर व्यावसायिक. म्हणजे खेळाडूंना पगार होता, आणि तो कधीकधी मिळायचाही. साबणवाले म्हणायचे, टॅनरीचा माणूस दिसायच्या आधी वासाने कळतो. टॅनरीवाले म्हणायचे, साबणवाल्यांच्या गोलकीपरच्या हातातून बाळसुद्धा निसटेल. दोघांच्या सामन्याला क्लासिको म्हणायचं आणि त्या दिवशी ओढ्यावरच्या पुलावरून नवी नवरीदेखील माहेरी जायची नाही. निल्दा साबणवाल्यांच्या घरातली. ती दार्दोशी लग्न करून पूल ओलांडून आली, तेव्हा तिच्या बापाने आहेरात पेटीभर साबण दिला. त्याचा अर्थ काय घ्यायचा तो सगळ्यांनी घेतला. पुढे तिचा भाऊही मांस विकायला याच काठाला आला, मनाने मात्र साबणवालाच राहिला.

आज्यापणज्यांपासूनच्या सगळ्या क्लासिकोंचा हिशेब शेवटी बरोबरीत येऊन ठेपला होता. अशा वेळी एका रविवारी टॅनरी जिंकली. फेंगड्या वाल्देमारच्या नडगीला लागून चेंडू आत गेला. तो चेंडू त्याने मारला नव्हता, पण गोल तो गोलच. टॅनरीवाल्यांनी मैदानातच निखारे पेटवले, अख्ख्या बरगड्या लावल्या, सॉसेजांच्या माळा लावल्या, आणि मांस खाणं जे सुरू झालं ते थांबेच ना. सोमवारी संध्याकाळी प्रत्येक व्यावसायिक क्लबाने संघटनेच्या कचेरीत जाऊन पुढच्या हंगामासाठी सही करायची असते. तो शेवटचा दिवस होता. अध्यक्षाला वाटलं सेक्रेटरी गेला. सेक्रेटरीला वाटलं खजिनदार गेला. खजिनदार शेगडीपाशी होता, त्याला काहीच वाटत नव्हतं. मंगळवारी निखारे विझले तेव्हा कुणीतरी सहज विचारलं, "सही कुणी केली?" अध्यक्षाने सेक्रेटरीकडे बघितलं, सेक्रेटरीने खजिनदाराकडे बघितलं, आणि खजिनदाराने हातातल्या सॉसेजकडे.

झालं. क्लब यादीतून गेला तो गेलाच. वर्षभरात मैदानाचं कंटेनर ठेवायचं आवार झालं. जगात क्लब हरून हरून बुडतात. आमचा जिंकून बुडला.

दार्दो क्लबचं सामान सांभाळायचा. बूट, चेंडू, जर्सी, बँडेज, सगळं त्याच्या ताब्यात. क्लब गेला तेव्हा तो महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. निल्दाने सूप केलं, डॉक्टर आणला, चर्चमध्ये मेणबत्ती लावली, काही उपयोग नाही. मग एका सकाळी तो ताडकन उठून बसला आणि म्हणाला, "म्हातारे, मेलेल्याला हरवणार कोण?"

निल्दाला वाटलं, गेलं डोकं. पण दार्दो कधी नव्हे इतका शुद्धीवर होता. टॅनरी आता कधीच खेळणार नव्हती, म्हणजे कधीच हरणार नव्हती. साबणवाल्यांनी डोकं आपटलं तरी हिशेब तोच राहणार, जगबुडीपर्यंत, एकाने पुढे. त्या दिवशी तो दाढी करून, तुंबडी घेऊन दारात उभा राहिला आणि समोरचं शटर वर गेलं. याला एकोणीस वर्षं झाली.

पण जर्सींचं सांगायचं राहिलं. सामान सांभाळणाऱ्यांचा एक नियम असतो. क्लासिको हरला की जर्सी त्याच दिवशी धुवायच्या, घासूनपुसून, हार निघून जाईपर्यंत. जिंकला की धुवायच्या नाहीत, पुढच्या क्लासिकोपर्यंत तशाच ठेवायच्या. नाहीतर नशीब पाण्याबरोबर मोरीतून जातं. पूर्वी वर्षातून दोनदा क्लासिको व्हायचा, तेव्हा हे कसंबसं सोसण्यासारखं होतं. आता त्या अकरा जर्सी एकोणीस वर्षांच्या घामाचिखलासकट एका पेटाऱ्यात होत्या आणि पेटारा दार्दोच्या पलंगाच्या उशाशी होता. निल्दाने डांबरगोळ्या टाकल्या, लव्हेंडर टाकलं, संत्र्याची सालं टाकली. सगळे वास एकमेकांत मिसळून पाचवाच काही वास तयार झाला. तिच्या बहिणी राहायला यायच्या बंद झाल्या.

"म्हाताऱ्या, एक तर त्या धुव, नाहीतर मला दुसरीकडे झोपव," ती म्हणायची.

"पुढच्या क्लासिकोनंतर."

"पुढचा क्लासिको नाहीये."

"मग धुवायच्या नाहीयेत," दार्दो शांतपणे म्हणायचा.

अशात साबणवाल्यांच्या क्लबाची शंभरी आली. त्यांचा क्लब जिवंत होता, पण कसला जिवंत. व्यावसायिक दर्जा गेला होता, खालच्या लीगमध्ये कुठल्याकुठल्या संघांशी खेळायचा, आणि बघायला येणाऱ्यांत कुत्री जास्त. ओलेगारियो त्यांचा अध्यक्ष. जुलैतल्या एका सकाळी दार्दोने "एकाने पुढे" म्हटलं आणि पहिल्यांदाच ओलेगारियो रस्ता ओलांडून आला. दार्दोने त्याला तुंबडी दिली. घरी आलेल्याला यर्बा द्यावाच लागतो, मग तो मेव्हणा का असेना.

"ऑगस्टमध्ये शंभरीचा सामना आहे," ओलेगारियो म्हणाला. "म्हाताऱ्यांचा. तुमच्यातले जुने खेळाडू गोळा कर आणि ये."

"मेलेली माणसं मेजवानीला जात नाहीत."

"शंभरी आहे रे. शंभरीला क्लासिको नाही, म्हणजे काय करायचं आम्ही, केक कापायचा?"

"कापा की. तुझा हात बसलाय कापायला."

ओलेगारियोने नळी ओढली. यर्बा संपल्याचा खर्रखर्र आवाज झाला. "ठीक आहे," तो म्हणाला. "मग आम्ही आमच्यातलीच अकरा माणसं काढतो. त्यांना तपकिरी जर्सी शिवतो. ते टॅनरी म्हणून खेळतील, आम्ही साबण म्हणून, आणि आम्ही त्यांना हरवू. माईकवरून सांगू, क्लासिको म्हणून."

दार्दोचा चेहरा पडला. साबणवाल्यांच्या अंगावर तपकिरी जर्सी? ज्यांच्या बापांनी नाकं मुरडली त्यांच्या अंगावर?

"तू असं करणार नाहीस."

"कापड आणलंय," ओलेगारियो म्हणाला. "तुमच्यापेक्षा जरा उजळ आहे, पण चालेल."

"आमच्या रंगाला हात लावलास तर याद राख. आम्ही येऊ. आमची माणसं, आमच्या जर्सी."

"आणि सामना मोजायचा?"

इथे दार्दोने "नाही" म्हणायला हवं होतं. घरातली उशीदेखील तेच म्हणाली असती. एकोणीस वर्षं जपलेली गोष्ट एका रविवारच्या भरवशावर टाकायची नसते. पण तो संतापला होता, आणि संतापलेल्या माणसाला क्लासिको मोजायचा का म्हणून विचारणं म्हणजे त्याच्या आईबद्दल काही बोलण्यासारखंच आहे.

"क्लासिको मोजत नाहीत तर काय करतात?" तो म्हणाला. "मोजायचा."

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. हरलो तर काय राहिलं आपल्याकडे? क्लब नाही, मैदान नाही, टॅनरी नाही. तेवढा एक सामना पुढे होतो, तोही जाईल. निल्दा मात्र शेजारी गाढ झोपली होती. बऱ्याच वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, पण अंधारात ते त्याला दिसलं नाही.

अकरा माणसं जमवायला तीन आठवडे गेले. कुणाचा गुडघा गेला होता, कुणाचं हृदय, एकजण तर स्पेनला गेला होता. फेंगडा वाल्देमार टॅक्सी चालवायचा. पोट सुटलं होतं, पण नडग्या त्याच होत्या. सामन्याच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत दार्दोने पेटारा उघडला आणि खोलीतले सगळे एक पाऊल मागे गेले. दार्दोने नऊ नंबरची जर्सी बाहेर काढली. चिखल वाळून ती अशी कडक झाली होती की बाकावर ठेवली तर बसून राहिली.

"डॉन दार्दो," वाल्देमार म्हणाला, "ही घालायची की हिच्याशी आधी ओळख करून घ्यायची?"

"तुझाच घाम आहे तो. लाजतोस कशाला?"

"माझा घाम आता मोठा झालाय, डॉन दार्दो. ओळखच देत नाही."

पण घातल्या त्यांनी. शिव्या देत, नाक धरून, पोटं आत ओढून घातल्या. आणि मैदानात उतरले. त्यांच्या बाजूच्या लाकडी बाकांवर टॅनरीची उरलीसुरली म्हातारी माणसं बसली होती, कुणी काठी घेऊन, कुणी ऑक्सिजनची नळी लावून. हिरव्या गवतावर तो तपकिरी रंग आला आणि ती माणसं बसल्याजागी रडायला लागली. दार्दोही रडला. हिशेब, पुढे-मागे, सगळं तो क्षणभर विसरला. मग आठवलं आणि त्याने घाईघाईने डोळे पुसले.

पंच होती मारिसोल, शाळेत पोरांना कवायत शिकवणारी. तिने शिट्टी वाजवली आणि सामना सुरू झाला. पळणं म्हणावं असं कुणी पळत नव्हतं. तरीही पहिली काही मिनिटं जाताच एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. टॅनरीच्या खेळाडूंजवळ कुणी जातच नव्हतं. वाल्देमारवर नजर ठेवायचं काम साबणवाल्यांच्या एका उंच बचावपटूवर होतं. तो एकदा त्याला खेटला, हिरवा झाला, आणि नंतर पाच-सहा हात लांब राहूनच नजर ठेवू लागला. कॉर्नर मिळाला तेव्हा गोलसमोर वाल्देमार एकटा उभा, आणि त्याच्याभोवती सगळं रिकामं. चेंडू आला, त्याच्या पोटावर आपटला आणि आत गेला.

टॅनरी एक, साबण शून्य. ऑक्सिजनची नळी लावलेल्या म्हाताऱ्याने नळी काढून आरोळी ठोकली आणि परत लावली. दार्दोने ओलेगारियोकडे बघून दोन बोटं वर केली. आता दोनाने पुढे. असं सुख त्याला लग्नातही झालं नव्हतं, आणि हे निल्दा जवळ नव्हती म्हणून सांगता येतं.

निल्दा समोरच्या बाजूला बसली होती, छत्री आणि टोपली घेऊन. सकाळपासून तिचा गुडघा दुखत होता, म्हणजे पाऊस येणार, म्हणून तिने तोर्ता फ्रितासाठी पीठ भिजवलं होतं. पाऊस आला की चरबीत तळलेल्या त्या गरम पोळ्या आमच्याकडे घरोघरी होतात. निल्दाने पावसाच्या आधीच तळून आणल्या. दार्दोने ते पीठ सकाळी बघितलं होतं, पण त्याचा अर्थ लावायची त्याला फुरसत नव्हती.

उत्तरार्ध सुरू झाला आणि पहिला थेंब पडला. मग सरच आली. वाल्देमारच्या जर्सीवरून तपकिरी पाणी खाली वाहायला लागलं, पांढऱ्या चड्डीवरून पायांवर, पायांवरून गवतात.  दार्दो मैदानात धावत गेला.

"बाई, सामना थांबवा."

"काय झालं, डॉन दार्दो?"

"पाऊस पडतोय."

"फुटबॉल पावसात खेळतात."

"ते खेळू देत हो. पण जर्सी धुतल्या जातायत."

मारिसोलने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा वाल्देमारकडे. "धुवायला झाल्याच होत्या," ती म्हणाली, आणि त्याला पिवळं कार्ड दाखवलं.

दार्दो रेषेबाहेर उभा राहून बघत राहिला. एकोणीस वर्षं त्याच्या डोळ्यांदेखत गवतात मुरत होती. समोर निल्दा छत्रीखाली तोर्ता फ्रिता खात होती आणि हसत होती. उंच बचावपटूने नाकाने अंदाज घेतला, दोन पावलं पुढे आला, मग आणखी दोन, आणि शेवटी वाल्देमारला असा चिकटला की त्याला श्वास घेणं अवघड झालं. थोड्या वेळात साबणवाल्यांनी एक गोल केला. बरोबरीत सुटला असता तरी चाललं असतं, आघाडी राहिली असती. दार्दो मनातल्या मनात ज्या ज्या संतांची नावं आठवत होती त्यांना हाक मारत होता. सामना संपतासंपता साबणवाल्यांनी लांबून एक मरतुकडा चेंडू मारला. टॅनरीच्या गोलकीपरने तो दोन्ही हातांत अगदी नीट धरला, छातीशी घेतला, आणि ओला चेंडू ओल्या जर्सीवरून साबणाच्या वडीसारखा सटकून त्याच्या मागे जाऊन पडला.

दोन-एक. शिट्टी. हिशेब बरोबरीत.

ओलेगारियो नाचला नाही. भिजत दार्दोजवळ आला, हात मिळवला आणि म्हणाला, "उद्या सकाळी भेटू, मेव्हण्या." दार्दोला ते शिवीपेक्षा वाईट वाटलं.

घरी आल्यावर दार्दो न जेवता बसून राहिला. मग म्हणाला, "तू हसत होतीस."

"हसत होते," निल्दा म्हणाली.

"साबणवालीच तू शेवटी."

"हो. आणि एकोणीस वर्षं टॅनरीच्या पेटाऱ्याशेजारी झोपले, हेही लक्षात ठेव." तिने टेबलावर साबणाची नवी वडी ठेवली. "हरलात. त्याच दिवशी धुवायच्या, तुझाच नियम. उठ."

नियम नियमच. दार्दोने अंगणातल्या हौदात जर्सी भिजवल्या, बाह्या वर केल्या आणि घासायला लागला. पहिलं पाणी काळं आलं, दुसरं तपकिरी. चारच्या खांद्याची उसवण, सातच्या पाठीवरचा जुना चुना, गोलकीपरच्या कोपरांची भोकं. हाताला सगळं ओळखीचं लागत होतं. पूर्वी हरलेल्या रविवारच्या संध्याकाळी तो इथेच असा ओणवा असायचा, पाठ दुखायची, शिव्या देत धुवायचा, आणि सोमवारपासून पुढच्या रविवारची तयारी असायची. तो रडत होता. सामना गेला म्हणून रडतोय असं त्याला वाटत होतं, पण बरंही वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याचा त्याला भयंकर राग आला. त्याने नऊ नंबरची जर्सी उगाचच तिसऱ्यांदा घासली.

सकाळी ओलेगारियोचं शटर वर गेलं. त्याने नवा ॲप्रन बांधला होता. एकोणीस वर्षं हा दिवस त्याने मनात घोळवला होता. काय म्हणायचं, कुठल्या आवाजात म्हणायचं, सगळं ठरलं होतं. त्याने समोर बघितलं. दारात कुणीच नव्हतं, ना थर्मास, ना तुंबडी. दारापासून दिव्याच्या खांबापर्यंत एक दोरी बांधलेली होती, तिच्यावर अकरा तपकिरी जर्सी ओळीने वाळत होत्या, आणि दार्दो तोंडात चिमटे धरून शेवटची लावत होता. पाव आणायला निघालेल्या बायका थांबून बघत होत्या. जर्सी इतकी उजळ तपकिरी असते हे लोक विसरूनच गेले होते.

ओलेगारियो रस्ता ओलांडून आला. "बरोबरी," तो म्हणाला, पण ठरवला होता तसा आवाज लागला नाही.

दार्दोच्या तोंडात चिमटे होते. त्याने मान हलवली.

 आता उद्या काय म्हणायचं, हे ओलेगारियोला सुचेना. "बरोबरी" कुणाला रोज रोज ऐकवणार? त्यात दोघांनाही मजा नव्हती. त्याने नऊ नंबरच्या जर्सीची बाही हातात घेऊन पिळून बघितली.

"वाळायला किती दिवस लागतील?"

दार्दोने चिमटे काढले. "ऊन पडलं तर दोन दिवस."

"मग या रविवारी जमेल."

"या रविवारी नाही. तो गोलकीपर बदलायला हवा. आणि वाल्देमारला पळवायला लागेल."

"मग पुढच्या?"

"मोजायचा?" दार्दोने विचारलं.

"क्लासिको मोजत नाहीत तर काय करतात?"

दार्दो आत गेला आणि तुंबडी भरून घेऊन आला. पहिला घोट त्याने मेव्हण्याला दिला. ओलेगारियोने खर्रखर्र आवाज येईपर्यंत तो ओढला आणि खाल्ल्या मिठाला जागून म्हणाला, "ते दुसऱ्या माणसांना तपकिरी जर्सी शिवायचं, ते कापड वगैरे, ते माझं डोकं नव्हतं. निल्दाने सुचवलं होतं, सूपाची हाडं घ्यायला आली तेव्हा."

दार्दोने घराकडे बघितलं. खिडकीत निल्दा रिकामा पेटारा उन्हाला लावत होती. "म्हाताऱ्या," ती आतून म्हणाली, "आता जिंकलात तर पेटारा ओलेगारियोच्या दुकानात ठेवायचा."